वाळूवर कोण कोणते काम करते?

वनस्पतींची नोंद करताना आपण सहसा जाती मोजतो. वाळूच्या किनाऱ्यावर, म्हणजे कोकणी माणसाच्या पुळणीवर, ही रीत आम्हांला अपुरी वाटते. तिथे जाती मोजक्याच. पण कोण कोणते काम करते ते पाहिले, की पुळण कशी टिकते ते कळते.

वाळूत पाणी ठरत नाही, नत्राची संयुगे फारशी नसतात, वारा मीठ आणतो आणि आज उगवलेले रोप उद्या गाडले जाते. भरतीच्या रेषेवर प्रथम भेटते ती मर्यादवेल. पाने आपट्यासारखी दुभंगलेली, फुले जांभळी. जमिनीवर पसरताना ती पेरापेराला मुळे सोडते आणि वाळू बांधते. तिच्या बिया समुद्रावर तरंगत दूर जातात. १८८३ च्या उद्रेकात इंडोनेशियातील क्राकाटोआ बेट उजाड झाले. त्याच्या पुळणीवर पुढे हीच वेल पसरली.

‘रावणाच्या मिशा’ या गवताचे काम निराळे. त्याची ताठ, टोकदार पाने वाऱ्याचा वेग मोडतात. वेग मोडला की वाळू खाली पडते व टेकडी वाढते. मादी रोपाचा काटेरी गोळा वाऱ्यावर घरंगळत बिया सांडतो. (मुलांना तो फार आवडतो, अनवाणी पायांना नाही.) जवळच अबईची एक रानवेल असते. तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधतात.

आता हे सारे काढून नुसता सुरू लावला तर? सुरू वारा अडवतो, त्याच्या मुळांवरही नत्र बांधणारे जिवाणू असतात. त्याला वाईट म्हणणे बरोबर नाही. पण त्याच्या काड्यांच्या जाड थराखाली वेली रुजत नाहीत. समोरची वाळू उघडी पडते, लाटा ती ओढून नेतात आणि शेवटी सुरूही मुळांसकट आडवा होतो. झाडे भरपूर असतात, पण जमिनीलगतचे काम करणारे कोणी उरत नाही.

पुंडलिकनगरात समुद्र कुठला! पण पावसाळ्यात एखादा मोकळा प्लॉट चालेल. मुलांना जातींऐवजी कामांची यादी करू द्यावी: दूर्वा माती धरते, शरपंखा नत्र बांधते. शरपंखेचे एक रोप मुळांसकट हलके काढून गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी दिसली, तर ती कामावर आहे.