चहाच्या झाडाचं तेल आणि कोकणातला चेहरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चहाचा आणि या तेलाचा काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. ‘टी-ट्री ऑईल’ हे नाव ऐकून, मग घरातली उकळलेली चहापत्ती चेहऱ्याला चोळली तर चालेल का, असं मला औषधाच्या दुकानात कितीतरी जणींनी विचारलं आहे. चालणार नाही. हे झाड वेगळं, त्याचं पान वेगळं आणि तेलही वेगळं.

मूळ झाड ऑस्ट्रेलियातलं. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यालगत, दलदलीच्या जागी ते वाढतं. शास्त्रीय नाव मेलाल्युका ऑल्टर्निफोलिया. नाव परकं वाटलं तरी कूळ मात्र आपल्या परसातलंच आहे. जांभूळ, पेरू, जाम, लवंग, निलगिरी ही सगळी त्याची भावंडं. पेरूचं किंवा निलगिरीचं पान चुरगळून नाकाशी धरा, जो उग्र वास येतो तो पानातल्या तेलाचा. या कुळातल्या झाडांच्या पानांत तेलाच्या बारीक बारीक पिशव्याच असतात. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना सांधे चोळायचं कायापुटीचं तेल आठवत असेल. ते तर याच्या अगदी चुलतभावाचं.

तिथले मूळ रहिवासी, बंडजलंग लोक, या झाडाची पानं चेचून जखमांवर बांधत आले आहेत. कॅप्टन कुकच्या खलाशांनी अशाच कुठल्याशा झाडाची पानं उकळून चहासारखी प्यायली म्हणून ‘टी-ट्री’ हे नाव पडलं, असं सांगतात. पुढे १९२०च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या रसायनतज्ज्ञानं हे तेल तपासलं. तेव्हा जंतुनाशक म्हणून कार्बोलिक ॲसिडचा दबदबा होता. पेनफोल्डला हे तेल त्याच्या अकरापट प्रभावी आढळलं. दुसऱ्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या औषधपेटीत गेलं. मग पेनिसिलीन आलं आणि तेल मागे पडलं. १९७०च्या दशकानंतर झाडपाल्याच्या औषधांची हवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्याची मोठी लागवड होऊ लागली आणि फिरत फिरत ते आपल्या रामआळीतल्या दुकानांपर्यंत येऊन पोचलं.

आता मुरमांकडे येऊ. मुरूम म्हणजे नुसती घाण साचणं नव्हे. चेहरा, पाठ, छाती इथल्या केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातली संप्रेरकं वाढली की या ग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं. आत तेल अडकतं. त्या बंद, तेलकट, हवा नसलेल्या जागेत एक जंतू आनंदानं वाढतो. तो तसा प्रत्येकाच्याच कातडीवर असतो, अगदी गुळगुळीत चेहऱ्याच्या माणसाच्याही. तो वाढला की शरीर प्रतिकार करतं, जागा लाल होते, सुजते, पू धरते. तेल, बूच, जंतू आणि सूज असा हा चौघांचा कारभार आहे. म्हणून दिवसातून सहा वेळा साबणानं तोंड धुऊन मुरमं जात नाहीत. उलट कातडी कोरडी आणि चिडकी होते. सुश्रुतानं यांना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ आजारांत घातलं. शार्ङ्गधरसंहितेत त्यावर लोध्र, धणे आणि वेखंडाचा लेप सांगितला आहे. किरकोळ हा शब्द मात्र वैद्याच्या बाजूचा. सतरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला विचारा, किरकोळ आहे का ते.

टी-ट्री तेल या चौघांपैकी मुख्यतः दोघांवर काम करतं, जंतूवर आणि थोडंफार सुजेवर. त्यातला कामाचा घटक टर्पिनेन-४-ऑल. चांगल्या तेलात तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त असतो. तो जंतूच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतो आणि आतला ऐवज बाहेर झिरपतो. बूच काढणं किंवा तैलग्रंथींचा जोर कमी करणं या तेलाला फारसं जमत नाही. त्यामुळे नाकावरच्या काळ्या ठिपक्यांना त्याचा उपयोग कमी, आणि हनुवटीखालच्या खोल, दुखऱ्या गाठींना जवळजवळ नाही.

याच्या चाचण्या झाल्या आहेत. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर एक तुलना झाली. काहींना या तेलाचं पाच टक्क्यांचं जेल, काहींना बेन्झॉईल पेरॉक्साईड हे नेहमीचं औषध, तेही पाच टक्क्यांचं. तीन महिन्यांनी दोन्हीकडे मुरमं कमी झाली. तेलाचा गुण सावकाश आला, पण आग होणं, कातडी सोलणं अशा तक्रारी कमी होत्या. तेलवाल्यांत ४४ टक्के, दुसऱ्या बाजूला ७९ टक्के. पुढे २००७ साली इराणमधल्या डॉक्टरांनी साठ रुग्णांवर केलेली चाचणी आपल्या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आली. तिथंही पाच टक्क्यांचंच जेल, दिवसातून दोनदा वीस मिनिटं लावून धुवायचं, असं पंचेचाळीस दिवस. औषध नसलेल्या नुसत्या जेलपेक्षा त्याचा गुण स्पष्ट दिसला. दोन्ही चाचण्या सौम्य ते मध्यम मुरमांवरच्या होत्या आणि रुग्णसंख्या लहान होती. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेनं असे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पुरावा तोकडा असल्याचाच निर्वाळा दिला. माझं मत विचाराल तर, सौम्य मुरमांसाठी करून पाहायला हरकत नसलेलं औषध, इतकीच त्याची पायरी आहे.

पण यातला ‘पाच टक्के’ हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा तिथंच होतो. बाटलीत मिळतं ते तेल शंभर टक्के असतं. म्हणजे औषधाच्या वीसपट. आपल्याकडे तेल म्हटलं की तळहातावर घ्यायचं आणि चोळायचं, ही लहानपणापासूनची सवय. लांज्याकडच्या एका मुलीनं साखरपुड्याच्या आठ दिवस आधी रात्री ते तसंच कापसानं गालभर लावलं. सकाळी गाल भाजल्यासारखे लाल, दुसऱ्या दिवशी पाणी सुटलेलं. मुरमं होती चार-पाच, डाग पडले दोन्ही गालांवर. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचं हे एक वैशिष्ट्य आहे. कुठेही दाह झाला की तिथं काळसर डाग मागे राहतो आणि तो जायला महिनोन् महिने घेतो. गोऱ्या लोकांच्या देशातल्या मासिकात ‘थोडी आग झाली तर घाबरू नका’ असं लिहिलेलं असतं. आपण घाबरावं.

मग काही जण शहाणपणानं ते पातळ करतात, पण गुलाबपाण्यात. वाटीभर गुलाबपाणी, त्यात चार थेंब तेल. तेल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगतं. कापूस बुडवला की आधी तोच शंभर टक्क्यांचा तवंग उचलला जातो. कोरफडीच्या गरातही ते नीट जिरत नाही, एका ठिकाणी जास्त आणि एका ठिकाणी शून्य असं राहतं. तेलात तेल मिसळतं हे खरं, एक भागाला एकोणीस भाग हे प्रमाणही सोपं आहे. पण मग हाताशी असतं खोबरेल, आणि मुरमांच्या चेहऱ्याला खोबरेल म्हणजे आगीत तेल, अक्षरशः. त्यापेक्षा पाच टक्के असं स्पष्ट छापलेलं तयार जेल घ्यावं हे बरं. फेसवॉशवर मोठ्या अक्षरांत टी-ट्री लिहिलेलं असतं, पण प्रमाण किती ते बहुधा सांगितलेलं नसतं आणि अर्ध्या मिनिटात ते धुऊनही जातं. त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं मी दुकानात बसूनही सांगते.

खोबरेलाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण कोकणातल्या चेहऱ्याची निम्मी गोष्ट डोक्यावर असते. नारळ आपला, तेल घरचं, आणि केसांना ते चांगलंच. पण मे महिन्यात रत्नागिरीत घाम वाळत नाही. तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं, कानशिलांवर उतरतं आणि तिथली छिद्रं बुजवतं. कपाळाच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेलगत बारीक, एकसारख्या पुटकुळ्या आलेल्या दिसल्या की मी आधी विचारते, तेल कधी लावतेस? अशा केशतेलाच्या मुरमांचं वर्णन त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच करून ठेवलं आहे. तेल रात्री लावून सकाळी डोकं धुवावं, कॉलेजला तेल चोपडून जाऊ नये, उशीचा अभ्रा बदलावा. एवढ्यानंच काही आठवड्यांत पुष्कळ कपाळं साफ होतात. आजीला वाईट वाटेल, पण केसांच्या टोकांना तेल लावायला कोणाची ना नाही.

दुसरा आपला खास प्रश्न आंब्याचा. हंगाम आला की तोंडावर फोड घेऊन माणसं येतात. हापूस उष्ण म्हणून मुरमं उठली, असं घरोघर ठरलेलं असतं. पुष्कळदा ती मुरमं नसतातच. ओठांच्या कडेला, हनुवटीवर खाज सुटते, बारीक पाण्याचे फोड येतात, तो चीक उतलेला असतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. तिघांच्या चिकात कातडीला जाळणारी जवळजवळ सारखी द्रव्यं असतात. बिब्बा उततो हे आपल्याला माहीत असतं, काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलानं हात सोलतात हेही माहीत असतं, आंब्यावर मात्र प्रेमापोटी संशय घेत नाही. चीक असतो देठाजवळ आणि सालीत, गरात नव्हे. म्हणून आंबा पाण्यात टाकून ठेवायचा, देठाकडचा भाग काढून पहिले दोन थेंब पिळून टाकायचे, ही जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. चीक उतलेल्या जागेवर टी-ट्री तेल लावलं तर जळलेल्यावर आणखी जळतं. ओळखायची खूण सोपी. मुरूम दुखतो, चीक खाजतो. शिवाय मुरमात मध्ये काळं किंवा पांढरं तोंड दिसतं, चिकाच्या फोडात नाही.

या तेलाबद्दल मी इतकं मोजूनमापून बोलते आहे, तरी ते न मिळालेलं बरं असं मी म्हणत नाही. कारण त्याच्याऐवजी काय वापरलं जातं ते मी पाहते. चिठ्ठीशिवाय मागितली जाणारी, ‘आठ दिवसांत चेहरा उजळ’ करणारी ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. लावल्यावर तिसऱ्या दिवशी लाली जाते, मुरूम बसतो, रंग उजळतो. मैत्रीण मैत्रिणीला सांगते. दोन-तीन महिन्यांनी कातडी पातळ होते, उन्हात गेलं की आग होते, गालावर लव वाढते आणि मुरमं दुपटीनं येतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून ती बंद करता येत नाही. २०११ साली देशातल्या बारा केंद्रांमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टेरॉईडची मलमं लावत होते, आणि त्यांच्यात सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरमंच. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉईडं चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. कायदा झाला. तरी ‘तीच ती पिवळी ट्यूब द्या’ म्हणणारी गिऱ्हाईकं अजून येतात, आणि मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. घरात अशी ट्यूब वर्षभर चालू असेल तर ती एकदम टाकूही नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

टी-ट्री जेल वापरायचंच ठरलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली आली तर ते तुमच्यासाठी नाही. काही आलं नाही तर रात्री तोंड धुऊन, पुसून, मुरमांच्या जागी पातळ थर द्या. डोळ्यांजवळ, ओठांवर नको. आणि सहा आठवडे धीर धरा. नखानं फोडू नका, कारण डाग तेल लावून जात नाहीत. खोल गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून ओठांवर-हनुवटीवर केस वाढत असतील, तर तेलांत वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांच्याकडे बूच मोकळं करणारी ॲडापलीनसारखी औषधं आहेत. फार जोरदार मुरमांना पोटातून आयसोट्रेटिनॉईन देतात. ते गुणकारी आहे, पण गर्भाला घातक. त्यामुळे लग्न ठरलेल्या, लग्न झालेल्या मुलींनी ते दुसऱ्याच्या चिठ्ठीवर कधीही घेऊ नये.

बाटली आणलीत तर ती काचेची, गडद रंगाची घ्या. उजेड आणि हवा लागून हे तेल बिघडतं, आणि बिघडलेलं तेलच बहुतेक वेळा ॲलर्जी करतं. न्हाणीघराच्या खिडकीत दोन पावसाळे काढलेली बाटली टाकून द्या, वास कितीही छान येत असला तरी. आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. हे तेल पोटात घ्यायचं नाही, थेंबभरही नाही. लहान मुलानं चुकून घोट घेतला तर ते गुंगतं, त्याचा तोल जातो. अशा वेळी ओकारी काढत न बसता बाटलीसकट दवाखाना गाठावा. घरात मांजर असेल तर पिसवांसाठी तिच्या अंगाला हे तेल लावू नका. ती अंग चाटते, आणि कातडीतून गेलेलंही तिला सोसत नाही.