आधी डॉक्टर, मग नट!

आमच्या रत्नागिरीच्या घरात १९६८ साली रात्रीच्या जेवणाला एक भांडण ठरलेलं असायचं. एका पाटावर अण्णा, समोर दादा आणि मध्ये आमटीची वाटी घेऊन आई. मी धाकटा. मला त्या वादात मत नव्हतं, फक्त कान होते.

अण्णा कोर्टात नाझर होते. दादाने डॉक्टर व्हावं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात धरली होती. आणि दादाला व्हायचं होतं नट. गंमत अशी, की दोघेही आपल्या बाजूने साक्षीदार आणायचे तो एकच : डॉ. काशिनाथ घाणेकर.

"तुझा तो घाणेकर आधी डॉक्टर झाला, मग नट!" अण्णा म्हणायचे.

"डॉक्टर होऊनसुद्धा नटच झाला ना?" दादा ताटात बघत पुटपुटायचा.

घाणेकर आपल्याच जिल्ह्यातले. जन्म चिपळूणचा, १९३० सालचा. शिकून ते दंतवैद्य झाले, मुंबईत दवाखाना थाटला. त्या काळच्या कोकणी बापाला मुलाकडून आणखी काय हवं? नाटकाचं वेड कोकणाला नवं नव्हतं. शिमग्यातलं नमन, देवळाच्या उत्सवातली नाटकं, झापांच्या मांडवात पहाटेपर्यंत चाललेले प्रयोग, हे सगळं होतंच. पण ते उत्सवापुरतं. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने आपल्या कचेरीत जायचं, हा अलिखित नियम. घाणेकरांनी तो मोडला, आणि घराघरांतल्या अण्णांची पंचाईत झाली.

सुरुवातीला विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या या माणसाचं नशीब उघडलं ते १९६२ साली, वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये. संभाजी म्हणजे व्यसनी, उच्छृंखल राजपुत्र, असं चित्र लोकांच्या मनात होतं. कानेटकरांनी त्याच्यात बापाच्या मायेला आसुसलेला मुलगा पाहिला आणि घाणेकरांनी तो जिवंत उभा केला. पुढे 'इथे ओशाळला मृत्यू'मध्येही संभाजी तेच होते. 'तुझे आहे तुजपाशी'तला श्याम त्यांचा, आणि श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'मधला बापूही त्यांचाच. दापोलीकडच्या मातीतला तो बंडखोर बापू म्हणजे आमच्याच गल्लीतला कुणीतरी. चिपळूणच्या माणसाला तो काय शिकवावा लागणार!

पण दादाला वेड लावलं ते लाल्याने. गिरगावात आमचे मामा राहायचे. त्यांच्याकडे सुट्टीत गेलो असताना त्यांनी आम्हां दोघांना 'अश्रूंची झाली फुले' दाखवलं. १९६६ साली आलेलं 'नाट्यसंपदा'चं हे नाटक तेव्हा जोरात चाललं होतं. प्राध्यापक विद्यानंद झाले होते प्रभाकर पणशीकर. सज्जन विद्यानंद जगाच्या अन्यायाने वाकड्या वाटेला लागतो आणि त्यानेच घडवलेला उनाड लाल्या सरळ वाटेवर येतो, अशी ती फुली मारल्यासारखी गोष्ट. हिंदीत त्यावरून 'आँसू बन गये फूल' निघाला. लाल्या रंगमंचावर आला मात्र, आणि थिएटरात शिट्ट्या सुरू झाल्या. नऊवारीतल्या आज्या दचकून मागे बघू लागल्या. नाटकात शिट्ट्या! मी घाबरलो होतो. दादा मात्र दोन बोटं तोंडात घालून उभाच राहिला होता. नाटक संपल्यावर मामांनी त्याचा कान धरला, पण त्यांचेही डोळे ओले होते.

परत आल्यावर दादाचा भांग बदलला, चाल बदलली. आणि इंटर सायन्सचा निकालही व्हायचा तसाच लागला. अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. नुसते पडवीत बसून राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं दादा अजूनही म्हणतो.

पडद्यावरही घाणेकर आम्ही सोडले नाहीत. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' १९६४चा. त्यावरूनच हिंदीत 'मेरा साया' झाला. मग 'मधुचंद्र'. 'दादी माँ', 'अभिलाषा' अशा हिंदी चित्रपटांतही ते दिसले, पण हिंदीने त्यांना आपलं म्हटलं नाही. १९७६ साली 'हा खेळ सावल्यांचा' आमच्या गावच्या थिएटरात लागला, तेव्हा दादा बँकेत कारकून झाला होता. त्याने सगळ्या घराची तिकिटं काढली. अण्णाही आले. आशा काळे आणि घाणेकर पडद्यावर गात होते आणि अण्णांच्या बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला होता. मी ते पाहिलं, दादानेही पाहिलं. कुणीच काही बोललं नाही.

तोपर्यंत रंगभूमीचे वारे फिरले होते. १९७० साली 'नटसम्राट' आलं आणि दुसरे एक डॉक्टर, श्रीराम लागू, बेलवलकर होऊन उभे राहिले. लोकांना वेगळा, संयत अभिनय आवडू लागला. ज्याला टाळीची सवय झाली, त्याला शांतता ऐकवत नाही. घाणेकरांचं पिणं, बेफिकिरी, तुटलेला पहिला संसार, हे काही लपून राहिलेलं नाही. सुलोचनाबाईंच्या कन्या कांचन त्यांच्या दुसऱ्या पत्नी. 'नाथ हा माझा' या पुस्तकात त्यांनीच ते मोकळेपणाने सांगितलं आहे. दवाखान्याकडे परतायची वाट होती. पण हजार माणसांना एका वाक्यावर झुलवलेल्या माणसाने पुन्हा एकाच रुग्णासमोर उभं राहायचं तरी कसं?

२ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावतीला ते गेले. वय अवघं पंचावन्न. अण्णांनी पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "दवाखान्यात बसला असता तर जगला असता रे."

"जगले असते," दादा म्हणाला, "पण अण्णा, मग तुम्ही आज पेपर असा खाली ठेवला नसता."

अण्णांनी मान हलवली. त्या दोघांचं ते भांडण मला वाटतं तिथे मिटलं. कोण जिंकलं, हे मला आजही सांगता येणार नाही. अण्णांची काळजी खोटी नव्हती, आणि दादाचं वेडही. घाणेकर दोघांचेही साक्षीदार होते आणि दोघांच्याही बाजूने त्यांनी खरीच साक्ष दिली.

२०१८च्या दिवाळीत त्यांच्यावरचा 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हा चित्रपट आला. घोषणेत सगळ्यांची नावं झाल्यावर 'आणि' म्हणून शेवटी त्यांचं नाव घ्यायचं, त्याची ही आठवण. सुबोध भावे घाणेकर झाले होते. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आणि अडुसष्ट वर्षांचा दादा, दोघेच गेलो. पडद्यावर लाल्या आला तसा दादाने सवयीने दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी काही वाजली नाही, नुसती हवा गेली. तो माझ्याकडे वळून ओशाळून हसला.

"कवळी आहे रे," तो म्हणाला. "आता दाताचा डॉक्टरच हवा!"

मग मी त्याच्यासाठी शिट्टी वाजवली. आयुष्यातली पहिली.