थेंब धरून ठेवणारं टोपण

पाणी ओतून होत नाही तोच कपात टपटप सुरू व्हायची. वर पावडर अजून कोरडीच तरंगते आहे आणि खाली फिकट तपकिरी पाणी साचतंय. युसूफ वडगावच्या आमच्या घरात, ओट्याच्या कडेला उभा राहून मी हे दोन वर्षं रोज सकाळी पाहिलं. दट्ट्या हातात घेईपर्यंत पाव कप खाली उतरलेला असायचा. ते पाणी कॉफीतून नुसतं धावत आलेलं असायचं, आणि तेच पुढच्या सगळ्या कपाला पाणचट करून टाकायचं.

हे यंत्र म्हणजे एअरोप्रेस. यंत्र म्हणावं असं त्यात फारसं काही नाही. वितीहून आखूड अशी जाड नळी, तिच्यात घट्ट सरकणारा रबरी बुडाचा दट्ट्या आणि खाली फिरवून बसणारं भोकाभोकांचं टोपण. रंगपंचमीची जुनी पितळी पिचकारी ज्यांनी हाताळली आहे त्यांना आणखी सांगायची गरज नाही. टोपणात कागदाची गोल चकती, तिच्यावर कॉफी, कॉफीवर गरम पाणी, मग वरून दाब. अमेरिकेतल्या ॲलन ॲडलर या इंजिनिअरने हे २००५ साली लोकांसमोर आणलं. त्याआधी त्याचं नाव होतं ते एरोबी या खूप लांब तरंगत जाणाऱ्या उडत्या कड्यासाठी. हवा कशी वागते हे ज्याने इतकं जवळून पाहिलं होतं, त्याच्याच हातून ही वस्तू व्हावी हे मला अगदी योग्य वाटतं. २००८ पासून एअरोप्रेसच्या जागतिक स्पर्धा भरतात. पहिली ओस्लोत झाली आणि तिच्यात तिघंच उतरले होते.

आमचा केज तालुका चहाचा. फाट्यावर, बाजारात, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या पहाटे, सगळीकडे चहाच. कॉफी असते ती पाहुण्यांची, मुलगी बघायच्या कार्यक्रमाची. दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वर जायफळ. पुण्यातली नोकरी घरून करायची मुभा मिळाली तेव्हा मी गावी आलो, आणि ती नळी सोबत आली. आईने तिच्याकडे पाहून पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘‘हे काय करायलास रे? पंप हाय का हा?’’

तिच्या प्रश्नात तथ्य होतं. हा पंपच आहे, फक्त त्याला पाणी धरून ठेवणारा फुटव्हॉल्व्ह नव्हता.

कॉफीच्या पावडरीतून सगळ्या चवी एकदम सुटत नाहीत. आधी आंबट भाग सुटतो, मग गोडवा, शेवटी कडवटपणा. पाणी आणि पावडर एकत्र किती वेळ राहतात यावर कपाची चव कुठे थांबणार ते ठरतं. एअरोप्रेसच्या साध्या टोपणातून पाणी आपल्याच वजनाने गळतं, त्यामुळे हा वेळ पूर्ण आपल्या हातात राहत नाही. त्यावर दोन जुने उपाय आहेत. एक म्हणजे पाणी ओतताच दट्ट्या वर बसवून किंचित मागे ओढायचा. आत थोडी पोकळी तयार होते आणि गळती थांबते. पण मग मधे ढवळता येत नाही. दुसरा उपाय उलट्या पद्धतीचा. दट्ट्या बसवून नळी डोक्यावर उभी करायची, त्यात कॉफी भिजवायची, टोपण लावायचं आणि सगळं भांडं कपावर पालथं घालायचं. मी वर्षभर तेच केलं. मग एका सकाळी पालथं घालताना दट्ट्या सुटला आणि कपभर उकळतं पाणी मनगटावर आलं. कोरफड लावून आठवडा काढला. हातात गरम पाण्याचं भांडं घेऊन कसरत करायची पद्धत मी कुणालाही सुचवणार नाही, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

त्यानंतर झडपेचं टोपण मागवलं. फेलो या अमेरिकी कंपनीचं प्रिस्मो हे त्यातलं नावाजलेलं, आणि आता एअरोप्रेसची मूळ कंपनीही असं टोपण विकते. मी आधी स्वस्तातली एक नक्कल घेतली होती. तिची रबरी चकती खोबणीत ढिली बसायची आणि कडेने गळायची. जी गळती थांबवायला ती आणली तीच तिने दुसरीकडून सुरू केली. चांगलं टोपण हाती आलं तेव्हा मी ते ओट्यावर सगळं सुटं करून पाहिलं. मूळच्या टोपणात मधमाशीच्या पोळ्यासारखी पुष्कळ भोकं होती. याच्या तळाला मधोमध एकच, टाचणीच्या डोक्याएवढं. त्याच्या आत सिलिकॉनची छोटी, मऊ वाटीसारखी झडप, जिच्या मध्यावर एक बारीक चीर. त्यावर स्टीलची जाळी, इतकी बारीक की खिडकीसमोर धरली तर भोकं न दिसता नुसता उजेड झिरपतो.

माझा चुलत भाऊ ठिबकाची कामं करतो. त्याने ती झडप चिमटीत धरली, फुंकर मारली, मग जोरात फुंकली. ‘‘ड्रिपरमधली चकतीच की ही,’’ तो म्हणाला. ‘‘प्रेशर आलं की सोडतीय, न्हाई तर धरतीय.’’ याहून नेमकं मला सांगता येणार नाही. मोटार बंद झाल्यावर लाइनमधलं पाणी गळू न देणारे ड्रिपर असतात, त्यांच्यातही अशीच लवचीक चकती असते. नळीतल्या पाण्याचं वजन या झडपेची चीर उघडायला पुरत नाही. माणूस वरून दाबतो तेव्हाच ती उघडते.

दाब किती लागतो ते पाहायची मला फार उत्सुकता होती. शेजारच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा सकाळी गिऱ्हाईक नसताना वापरायला मिळाला. काट्यावर कप, कपावर नळी, आणि मी सावकाश दट्ट्या दाबला. आकडा चढत चढत चौदा किलोच्या आसपास स्थिरावला. नळीच्या आतला व्यास सहा सेंटिमीटर धरला तर तळाचं क्षेत्रफळ सुमारे अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब. एस्प्रेसोच्या मशीनमध्ये साधारण नऊ बार दाब असतो. तेवढा इथे आणायचा तर दट्ट्यावर अडीच क्विंटल सोयाबीन रचावं लागेल. म्हणून या टोपणाने घरच्या घरी एस्प्रेसो होतो असं कुणी सांगितलं तर ते मानू नये. बारीक भोकातून फवारा जोरात पडल्याने कपावर फेस येतो, दिसतोही सुरेख, पण मिनिटभरात विरतो. या टोपणाची खरी देणगी फेस नाही, थांबता येणं ही आहे.

आता सकाळी माझं असं चालतं. अठरा ग्रॅम बिया हाताच्या चक्कीत दळायच्या, बारीक रव्याहून किंचित बारीक. पिठूळ दळलं तर झडप जड जाते आणि दट्ट्या अर्ध्यावर अडून बसतो. जाळीवर कागदाची चकतीही ठेवतो. नुसत्या जाळीतून कॉफीचं तेल आणि बारीक गाळ उतरतो. त्याने कप दाट लागतो खरा, पण त्या तेलात कॅफेस्टॉल असतं आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते बरंचसं अडवतो. आईला डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं आहे, त्यामुळे तिच्या कपाला कागद हवाच. या कागदाची मूळ कल्पना एका गृहिणीची. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स यांनी भांड्याला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला आणि कॉफीतला गाळ घालवला. हाताच्या साधनात एक छोटा भाग घालून कप बदलता येतो, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातच दाखवून दिलं.

टोपण बसलं आणि पाणी ओतलं की खाली एकही थेंब पडत नाही. पहिल्या दिवशी मी वाकून कपाच्या तळाकडे बघत राहिलो. नळीत पावडर फुगते, तिच्यातून बुडबुडे सुटतात, वर भाकरीसारखा पापुद्रा धरतो. कॉफी ताजी भाजलेली असेल तर ही फुगवट जास्त. आमच्याकडे चिकमगळूरहून कुरियरने येते, बाबा बुदान या सूफींनी मोखाहून सात बिया आणल्याची कथा जिथे सांगतात त्याच डोंगरांकडून. पापुद्रा चमच्याने मोडायचा, ढवळायचं आणि दोन मिनिटं वाट पाहायची. ही दोन मिनिटं मला पूर्वी अशी निर्धास्त मिळतच नव्हती.

पण टोपण आलं तरी चव पूर्ण सुधारली नाही, हे सांगायलाच हवं. पहिले चार-पाच दिवस कप दाट झाला होता, पण सपाट लागत होता. दोष पाण्याचा होता, आणि त्याला आता लपायला जागा नव्हती.

आमच्या बोअरचं पाणी जड. आई त्यात डाळ शिजायला टाकत नाही. आधणाचं पातेलं महिन्याभरात आतून पांढरं होतं, नखाने खरवडलं तर क्षाराच्या खपल्या निघतात. काळ्या पाषाणातून झिरपत येताना पाणी कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम थोडं असलं तर चव सुटायला मदतच होते, बायकार्बोनेट मात्र कॉफीतला आंबटपणा मारून टाकतं. दुसऱ्या टोकाला वीस लिटरचा जार. त्यातलं पाणी इतकं गाळलेलं की त्यात फारसं काही उरतच नाही, आणि कॉफी पोकळ, टोचरी लागते. पाण्यातले क्षार मोजणारी मीटरची पेन घेऊन मी दोन्ही मोजली. बोअरचं ७२० पीपीएम, जारचं ३५. कॉफीला १५०च्या आसपास चांगलं मानतात. पाच भांडी जारचं आणि एक भांडं बोअरचं घेतलं की हिशेब जुळतो. बोअरचं आधी उकळून, निवळून घ्यायचं, म्हणजे बराच क्षार पातेल्यालाच राहतो.

त्या मिश्रणाची पहिली कॉफी प्यालो तेव्हा संत्र्याच्या सालीसारखा वास आला. बिया त्याच होत्या, दळणही तेच.

गरमपणाचं गणित मात्र गावाने आपणहून सोपं करून ठेवलं आहे. मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावला. ते पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६४२.३७ मीटर असते. पावसाळ्यात हा आकडा इथल्या शेतकऱ्याला पाठ असतो. या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आधण उतरवून अर्धा मिनिट थांबलं की ते ओतायच्या लायक झालेलं असतं, थर्मामीटर लागत नाही.

एवढं होऊनही आईची कॉफी तीच, दुधात पावडर उकळलेली. ‘‘उकळल्याबिगर चव कशी उतरंल?’’ हा तिचा मुद्दा, आणि तो चुकीचा नव्हता. तोवर मी तिला दिलेली कॉफी म्हशीच्या दुधात विरघळून नाहीशी व्हायची. म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के किंवा त्याहून जास्त फॅट. त्यात टिकायचं तर कॉफीचा अर्क घट्टच हवा. साध्या टोपणात पाणी कमी घेतलं की तेही भिजायच्या आत गळून जायचं. झडपेमुळे अठरा ग्रॅमला फक्त ऐंशी मिलिलिटर पाणी घालून दोन मिनिटं धरता येतं. दाबायला अर्धं मिनिट लागतं. शेवटी हवा निघताना ‘सुं’ असा आवाज येतो, तिथे थांबायचं. त्यापुढे दाबलं तर चोथ्यातला कडवटपणा कपात उतरतो. खाली पडतो तो काकवीच्या रंगाचा, जड अर्क. तो तापलेल्या दुधात ओतला आणि कप तिच्यापुढे ठेवला.

ती दोन घोट प्याली. मग उठून डब्यातलं जायफळ घेतलं.

टोपणाची निगा तिनेच आपल्याकडे घेतली आहे. चोथा दट्ट्याने ढकलला की वडीसारखा अख्खा पडतो, तो ती कुंडीत कुस्करते. झडप बोटाने चोळून, कोमट पाण्यात विसळून, ताटाळ्यावर पालथी वाळत घालते. चिरेत गाळ राहिला तर झडप नीट मिटत नाही आणि पुन्हा टपटप सुरू होते. हे तिला सांगावं लागलं नाही. कुकरची शिटी तिने आयुष्यभर अशीच साफ केली आहे.

काल पहाटे लाइट नव्हती. शेगडीच्या उजेडात मी नळी कपावर ठेवली आणि दट्ट्या धरला. ती शेजारी सहाण घेऊन बसली होती. जायफळाचे तीन वेढे झाले तेव्हा ‘सुं’ आवाज आला. मी नळी उचलून बाजूला ठेवली. ओटा कोरडा होता.