सौद्याचा दिवस

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा दिवाणजी हळदीच्या हंगामातला आपला दिवस सांगतो.

सकाळी 8
रात्री आलेल्या गाड्या हमालांनी उतरवून ठेवल्यात. शेतकऱ्यावार थप्प्या लावायच्या. राजापुरी एकीकडे, परपेठची दुसरीकडे. हळकुंड, गड्डा, कणी वेगळी. प्रत्येक थप्पीतलं एक पोतं फोडून दर्शनी ठेवायचं.

10
"दिवाणजी, सौदे कधी निघणार?" दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं. सौदे निघाले म्हणजे बोली सुरू झाली. किरकोळ घेण्यादेण्याला यार्डात सौदा म्हणत नाहीत. आख्खी थप्पी एका बोलीत जाते, तो सौदा.

11
खरेदीदारांचा घोळका थप्पीभोवती. कुणी हळकुंड मोडून पोटातला रंग बघतो, कुणी मूठभर पोत्यात टाकून आवाज ऐकतो. मग क्विंटलवर बोली. एके काळी अनेक पेठांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, शेतकरी नुसता चेहऱ्यांकडे बघत राहायचा. आता बोली उघड होते. मी सौदापट्टीवर नाव, माल, भाव नि खरेदीदार टिपतो. भाव पटला नाही, तर शेतकरी "माल द्यायचा नाही" म्हणू शकतो.

दुपारी 1
काटा. सौद्यात फक्त भाव ठरतो. रक्कम इथं ठरते. समजा 15,000 चा सौदा झाला आणि बारदान वजा जाऊन माल 12 क्विंटल 40 किलो भरला, तर 1,86,000 रुपये. वादही इथंच होतात, किलो-दोन किलोंवरून.

4
हिशेबपट्ट्या. हमाली, तोलाई मांडून पैसे शेतकऱ्याच्या हातात पडले की व्यवहार पुरा. तोवर सौदा हा शब्दावरच उभा असतो. म्हणून बोली देऊन मागं सरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घोळक्यात कुणी जागा करून देत नाही.

5
खरेदीदारांच्या फोनवर वायदेबाजार बंद होतो. तिथलाही सौदाच, पण एक पोतंही न बघता घेता येतो, उलटा करून मोकळंही होता येतं. आमच्याकडे घेतलेला माल उचलावाच लागतो.

7
मालकांना दिवसाची उलाढाल सांगायची. हा बेरजेचा आकडा बँकेला आवडतो. मालक मात्र आधी विचारतात, "मोडले किती?" आज दोन. त्या दोन्ही थप्प्या उद्याच्या सौद्यात पहिल्या लावायच्या.