युसूफ नावाचा अर्थ आणि वाटचाल

युसूफ हे मुलाचे नाव अरबीतून भारतात आले असले तरी त्याचे मूळ हिब्रू भाषेत आहे. हिब्रूतले रूप ‘योसेफ’, आणि अर्थ ‘देव आणखी देवो’. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात राहेलला फार वाट पाहिल्यावर मुलगा होतो. देवाने आणखी एक द्यावा, या इच्छेने ती त्याचे हे नाव ठेवते. अरबी व्याकरणकारही युसूफला परभाषेतले नाव मानतात, म्हणून अरबी नामांच्या शेवटी येणारा नकारान्त उच्चार त्याला लागत नाही. ‘देखणा’ असाही अर्थ सांगितला जातो. तो शब्दातून निघत नाही, बायबल-कुराणातल्या युसूफच्या रूपावरून त्याला चिकटला आहे.

मुस्लिम घरांत हे नाव ठेवले जाते ते पैगंबर युसूफ यांच्या आठवणीने. कुराणातली बारावी सुरा त्यांच्याच नावाची असून तिच्या 111 आयतींत त्यांची कथा सलग येते. इतर पैगंबरांच्या कथा कुराणात ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत, त्यामुळे ही सुरा वेगळी उठून दिसते. या कथेत सदरा तीनदा येतो. भाऊ युसूफला विहिरीत टाकतात आणि खोटे रक्त लावलेला सदरा बापापुढे धरतात. पुढे मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) गुलाम असताना मालकाची बायको त्याच्यावर आळ घेते, तेव्हा सदरा मागून फाटलेला निघतो आणि त्याचे निर्दोषपण सिद्ध होते. अखेर युसूफने पाठवलेला सदरा तोंडावर पडताच रडून अंध झालेल्या बापाला पुन्हा दिसू लागते. रूप, शील, तुरुंगवास आणि दगा देणाऱ्या भावांना केलेली माफी, हे सारे या नावामागे उभे आहे. अर्थापेक्षा या कथेनेच नाव टिकवले, असे म्हणणे योग्य ठरेल.

दख्खनला हे नाव जुने आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसूफ आदिलशाह. 1510 मध्ये तो गेल्यावर त्याचा मुलगा इस्माईल गादीवर आला. त्याच विजापूरच्या हाश्मी या कवीने सतराव्या शतकात युसूफ आणि झुलेखा यांच्या प्रेमकथेवर दखनीत काव्य रचले. मालकाच्या बायकोचे झुलेखा हे नाव मात्र कुराणात नाही. ते नंतरच्या परंपरेतले.

मुंबईच्या उपनगरांत हे नाव जोगेश्वरी पूर्वेला उच्चारले जाते, तेही आद्याक्षराच्या रूपात. 1930 मध्ये सुरू झालेले तिथले सरकारी इस्माईल युसूफ महाविद्यालय विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘आयवाय’ असते. जहाजव्यवसायातले हाजी इस्माईल युसूफ यांचे नाव त्याला दिलेले आहे. या नावात आडनाव नाही. आधी स्वतःचे आणि मग वडिलांचे नाव, अशी ही पद्धत. ‘आयवाय’मधला ‘वाय’ म्हणून वडिलांचा. मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये, कारण मराठीतही स्वतःच्या नावानंतर वडिलांचेच येते. युसूफ जाफर मेहरअली हे नाव या दोन्ही रीतींना जोडणारे आहे: स्वतःचे, वडिलांचे आणि शेवटी आडनाव. 1903 मध्ये जन्मलेले मेहरअली समाजवादी चळवळीचे नेते होते. ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा त्यांची, आणि ‘क्विट इंडिया’ या शब्दांचे श्रेयही त्यांना दिले जाते. 1942 मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. पनवेल तालुक्यातल्या तारा गावी त्यांच्या नावाचे सेंटर ग्रामीण भागात काम करते.

मुंबईच्याच मालाड उपनगराशी या नावाचा संबंध उलट्या दिशेचा आहे. तिथल्या बॉम्बे टॉकीजमध्ये देविकाराणींनी पेशावरहून आलेल्या युसूफ खान या तरुणाला पडद्यासाठी नवे नाव घ्यायला सुचवले आणि 1944 च्या ‘ज्वारभाटा’पासून तो दिलीपकुमार झाला. पडद्यावरचे नाव देशभर गाजले, तरी सिनेसृष्टीतली माणसे त्यांना अखेरपर्यंत ‘युसूफसाब’ म्हणत. 2021 मध्ये त्यांचा दफनविधी जुहूच्या कब्रस्तानात झाला.

जुहूलाच सेंट जोसेफचे चर्च आहे, आणि जोसेफ म्हणजे युसूफच. चर्च ज्यांच्या नावाचे ते येशूचे पालक पिता. कुराणातला युसूफ त्यांच्या कितीतरी आधीचा, पण नाव एकच. मराठी बायबलमध्ये ते ‘योसेफ’ असे लिहिले जाते. पोर्तुगीज ‘जोझे’पासून गोव्यात ‘जुझे’ झाले. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजातही ते आहे: जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. शेजारच्या वस्त्यांत राहणाऱ्या तीन धर्मांच्या माणसांचे नाव मुळात एक आहे, हे उच्चार बदलल्यामुळे सहसा लक्षात येत नाही.

लिहिताना हे नाव त्रास देते. मराठीत युसूफ, युसुफ आणि यूसुफ अशी तिन्ही रूपे आढळतात, गुजराती वळणाच्या बोलीत ‘इसुफ’ ऐकू येते. रोमन लिपीत पहिल्या स्वरासाठी कोणी ‘यू’ हे एकच अक्षर लिहितो, कोणी आधी ‘ओ’ घालतो, शेवटी ‘एफ’ एकदा येतो किंवा दोनदा. शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे स्पेलिंग असले की एकाच माणसाची कागदपत्रे जुळत नाहीत. म्हणून जन्मनोंदणीच्या वेळी स्पेलिंग ठरवावे आणि पुढे आधारकार्डापर्यंत सगळीकडे तेच वापरावे.