जांभळे डाग आणि एक संशय

जवाहर चौकातील माझ्या दवाखान्यात एका संध्याकाळी ७८ वर्षांच्या आजी सुनेबरोबर आल्या. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, जांभळे डाग. आजी गप्प. सूनच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, शेजारी म्हणतात मी आईंना मारते."

वृद्धांच्या अंगावरील खुणांमागे छळ कधीच नसतो, असे मी म्हणणार नाही. म्हणून आधी आजींशी एकट्याने बोललो. "अहो, तीच तर मला न्हाऊ घालते," त्या म्हणाल्या.

डागावर काचेची पट्टी दाबून पाहिली. रंग फिका पडला तर रक्त वाहिन्यांतच आहे. तसाच राहिला तर ते कातडीत पाझरले आहे. आजींचा डाग तसाच राहिला. उतारवयात, वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या कातडीतील आधारतंतू विरतात आणि दाराच्या कडीला हात घासला तरी सूक्ष्म वाहिन्या फुटतात. इंग्रज वैद्य टॉमस बेटमन यांनी १८१८ मध्ये याचे वर्णन केले होते. त्यात आजींना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू होती आणि गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या! अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने कातडी आणखी पातळ होते.

तरीही रक्त तपासलेच. प्लेटलेट दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असाव्यात. आजींच्या दोन लाखांवर होत्या. त्या फार घटल्या, तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पायांवर उमटतात, हिरड्यांतून रक्त येते. मागे डेंगी असेल, यकृताचा विकार असेल, क्वचित रक्ताचा कर्करोगही. लहान मुलाच्या पायांवर व नितंबांवर उंचवट्यासारखे डाग उठून पोट आणि सांधे दुखू लागले, तर लघवीही तपासावी लागते, कारण त्या विकारात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आणि तापात डाग भराभर पसरू लागले, तर सकाळची वाट पाहू नये, तडक रुग्णालय गाठावे.

आजींची अ‍ॅस्पिरिन मी चालूच ठेवली. ती मनाने सोडणे हृदयाला महागात पडते. पुड्या सोडवल्या, पण एकदम नव्हे: त्याऐवजी मोजून स्टेरॉइड देत ते हळूहळू उतरवले.

निघताना सुनेने आजींच्या देखतच निदान लिहून मागितले. मी मराठीत लिहू लागलो, तशी ती म्हणाली, "हिंदीत लिहा ना, शेजाऱ्यांना दाखवायचंय."

आजींनी मान डोलावली. मी हिंदीत लिहून दिले.