तव्यावरची तंबाखू आणि पोटातलं बाळ

तंबाखूची पानं तव्यावर भाजायला घेतली की त्यांचा खाट साऱ्या आळीला कळतो. पानं काळी ठिक्कर पडली की हाताने चुरायची, बारीक पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. ही मशेरी. सकाळी उठल्याबरोबर बोटावर चिमूटभर घेऊन ती दातांना, हिरड्यांना लावायची आणि तोंडात तशीच धरून पाणी भरायचं, चहा टाकायचा. सुरुवात दात घासण्याने होते. पुढे दुपारची भांडी आवरल्यावर, रात्री जेवण झाल्यावर, असं करत दिवसातून चार-पाच वेळा डबी उघडते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आणि मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांत ही सवय आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे येत राहिली. गरोदरपणातही ती सुटत नाही.

2004-05 मध्ये नऊ विकसनशील देशांतल्या गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. उरुग्वेत शंभरातल्या अठरा जणी सिगारेट ओढत होत्या, अर्जेंटिनात दहा. भारतात धूम्रपान जवळपास नव्हतंच, पण ओडिशात तिघींपैकी एक बाई बिनधुराची तंबाखू वापरत होती. सिगारेट ओढणारी गरोदर बाई दिसली तर आपण हबकतो. दारात बसून मशेरी लावणाऱ्या पोटुशीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

तिच्या बाळाचं काय होतं, हे मुंबईतच मोजलं गेलं आहे. संशोधक प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी घरोघरी जाऊन 1217 गरोदर स्त्रियांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांतल्या 17 टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या, बहुतेक जणी मशेरीच. 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू वापरणाऱ्या आईचं बाळ सरासरी 105 ग्रॅमने हलकं होतं आणि सहा दिवस आधी जन्माला येत होतं. 2006 मध्ये आलेला याच अभ्यासाचा पुढचा भाग वाचताना हात थबकतो. मूल मृत जन्मण्याचं प्रमाण तंबाखू न वापरणाऱ्यांत 3.1 टक्के, तर वापरणाऱ्यांत 8.9 टक्के होतं.

105 ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात आणि आपल्याकडची कितीतरी बाळं त्या रेषेच्या जेमतेम वर असतात. रक्तक्षय असलेल्या, पोटभर न जेवणाऱ्या आईच्या बाळाला तेवढीही घट परवडत नाही. निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं, रक्तवाहिन्या आकुंचित करतं. गरिबी हे बाळाच्या या नुकसानीचं एकमेव कारण म्हणावं, तर स्वीडनसारख्या सुखवस्तू देशातही ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्या मातांमध्ये मृतजन्माचा धोका वाढलेला आढळला आहे.

बायकांना दोष देणं मला मान्य नाही. मळमळ थांबते, पोट साफ होतं, दाढ दुखायची राहते, भूक मरते, अशी कारणं त्या सांगतात. यातलं शेवटचं कारण ऐकवत नाही. गरोदर बाईला भूक मारावी लागते, हा आपल्या घरांचा आणि समाजाचा दोष आहे.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. दोन्ही निर्णय योग्यच, पण घरच्या तव्यापर्यंत कुठलाच कायदा पोचत नाही. तिथवर आशाताई पोचते, नर्स पोचते. गरोदर बाईला पहिल्या तपासणीपासून दर खेपेला तंबाखूबद्दल विचारावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडे हा प्रश्न मशेरीचं नाव घेऊनच विचारायला हवा, आणि सासूला शेजारी बसवून. डबी दोघींची असते. सून एकटी सोडू गेली तर घरात रोज तोच वास, तीच तलफ. शिवाय गरोदरपणात निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यांची सरसकट शिफारस नाही. समजावणं, पाठीशी राहणं हाच मुख्य उपचार. त्यासाठी तपासणीच्या रांगेत प्रत्येकीला पाच मिनिटं जास्त मिळायला हवीत. ती द्यायची जबाबदारी शासनाची आहे.

तुमच्या घरात किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्यांत कुणी पोटुशी असेल, तर तिच्याशी याविषयी मायेने बोला. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. फोनला पैसे पडत नाहीत. हा नंबर तिला आणि तिच्या सासूलाही लिहून द्या.